हेमंत, ती ओळ तू काढली नव्हतीस

हेमंत,

मनीषा वहिनींचा फोन आला. "ताई, आम्ही ह्यांची स्मरणिका काढतोय. तुम्ही दोन पानं लिहून द्या. तुमच्याइतकं ह्यांना कोण ओळखतं?"

मी हो म्हणाले. नाही म्हणायला काही सुचलं नाही म्हणून. आपण सात वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो, हे वहिनींना ठाऊक आहे. तरी त्यांनी विचारलं. आणि आता कागद पुढे ओढून बसले तर स्मरणिकेत शोभेल असं एक वाक्य हाताला लागत नाही. तू गेल्याला अठरा दिवस झाले. पहिल्या दिवशी मी रडले, हे कबूल करते. दुसऱ्या दिवशी उठले तर राग तिथेच होता, जिथे मी त्याला रोज ठेवते. तुझ्याबरोबर तो गेला नाही. मग मी त्याच्याच तोंडाने बोलणार आहे. तुला सवय होती माझं अर्धं बोलणं मध्येच तोडायची. आज तेवढं जमणार नाही तुला.

जे द्यायचं आहे ते आधी देऊन टाकते, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हिने चांगलं काहीच आठवलं नाही.

मला हे सगळं शिकवलं तूच. जळगावच्या कॉलेजातलं शेवटचं वर्ष. सरांनी फळ्यावर नामसेवा, डिरेक्टरी, लुकअप असं भराभर लिहून पुसूनही टाकलं होतं. मला ओ की ठो कळलं नव्हतं. तू मला मेहरूणच्या तलावाकाठी बसवलंस आणि माझ्या गावाचंच उदाहरण घेऊन विचारलंस, "असोद्याले कोनी उना आन त्याले तुनं घर शोधनं शे. तो काय इचारी?"

"चौधरींचं घर कुठलं, असं विचारेल."

"आन मंग?"

"मग त्याला तीस घरं दाखवतील. आधी गल्ली सांगायला लागेल, मग आजोबांचं नाव, मग वडिलांचं."

"बस. हाईच शे. वरून खाले उतरनं."

मग तू वहीत काढून दाखवलंस. प्रोग्रामने दुसऱ्या यंत्राचा पत्ता पाठ करून ठेवायचा नाही. त्याने नुसतं नाव सांगायचं, समजा 'जळगाव, रक्तपेढी, साठा', आणि डिरेक्टरीला विचारायचं की हे आज कुठल्या यंत्रावर आहे. ती पत्ता देते. हा झाला लुकअप. उद्या यंत्र बदललं तर पत्ता एका जागी बदलायचा. पन्नास प्रोग्राम उघडत बसायचं नाही. आणि नाव माहीत नसेल तर डिरेक्टरीला गुण सांगूनही शोधता येतं: अमुक रक्तगट, अमुक भाग, दिवसा येऊ शकेल असा दाता. मी त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये खिडकीशी बसून हे मनात घोळवत होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की मी इंजिनिअर होऊ शकेन. हे तुझं देणं आहे. ते मी नाकारत नाही.

माझ्या नानांना पटवलंस तेही तूच. मुलगी जळगावात एका मुलाबरोबर दोन खोल्यांत कंपनी काढणार, हे ऐकून त्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तू असोद्याला आलास, आईच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी खाल्लीस, दुसऱ्यांदा मागून घेतलीस, आणि नानांना म्हणालास, "नाना, हुशार ती आहे. मी फक्त बोलतो बरा." नाना हसले. तुझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं वाक्य असावं.

तू बोलायचास खरंच बरा. जळगाव आणि धुळ्याच्या रक्तपेढ्या आपल्या एका प्रोग्रामवर आणायच्या, ही कल्पना माझी. पण त्या रक्तपेढ्या चालवणाऱ्या ट्रस्टच्या आबांसमोर ती मांडलीस तू. "इथल्या पडद्यावर धुळ्याचा साठा दिसेल, धुळ्याला इथला. पिशवी इथूनच राखून ठेवा. फोन करायची गरज नाही." फोन करायची गरज नाही, हे तू इतक्या वेळा म्हणालास की रक्तपेढीतल्या लोकांनी खरंच फोन करणं सोडलं.

ही गोष्ट मी तुला विसरू देणार नाही.

आपलं भांडण कशावरून झालं ते तू कोणाला कधी नीट सांगितलंस का रे? मला वाटत नाही. म्हणून ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी साध्या भाषेत सांगते. आपला पहिला सर्व्हर धुळ्याला तुझ्या घराच्या पुढच्या खोलीत होता. पुढे आपण सगळं जळगावच्या नव्या यंत्रावर आणलं आणि मी डिरेक्टरी बसवली. जुनं यंत्र तू चाचणीसाठी चालूच ठेवलंस. त्यावरचा साठा त्या दिवसापासून गोठलेला. तिथल्या पिशव्या केव्हाच वापरून संपलेल्या. आणि एके दिवशी तुझा कोड वाचताना मला एक ओळ दिसली. लुकअप फसला, म्हणजे डिरेक्टरीकडून उत्तर आलं नाही, तर गुपचूप धुळ्याच्या जुन्या यंत्राकडे जा. पत्ता थेट कोडमध्ये लिहिलेला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आधार शे. डिरेक्टरी बंद पडनी तर?"

"बंद पडली तर पडद्यावर लिहून येऊ दे की नाव सापडत नाही. माणूस फोन करेल."

"रक्तपेढीमा कोरा पडदा दाखाडू का? आबा उभं करतीन का मंग आपले?"

"जुना साठा दाखवण्यापेक्षा कोरा परवडला, हेमंत. तो साठा खोटा आहे."

तू हसलास. "बठ्ठं चाली राह्यनं शे ना? मंग कसाले खोदी राह्यनी?" आणि वर मला पेचात टाकल्यासारखं म्हणालास, "आन शेवट एक पत्ता तर तुलेबी लिखनाच पडस ना? डिरेक्टरी कोठे शे, हाई कोनले इचारशी?"

खरंय, पहिला एक पत्ता कुठेतरी लिहावाच लागतो. पण तो लिहिणं आणि चुकीच्या जागी नेणारा पत्ता लपवून ठेवणं यात फरक आहे, हे मला त्या क्षणी नीट मांडता आलं नाही. मला दोन दिवसांनी सुचलं. तू तोवर म्हणाला होतास, "बरं बाई, काढी टाकस." मी विश्वास ठेवला. उघडून पाहिलं नाही. हा माझा मूर्खपणा, तो मी तुझ्या नावावर टाकत नाही.

मग ती दुपार आली. सावद्याची एक बाई बाळंतपणानंतर जळगावच्या दवाखान्यात होती. रक्त थांबत नव्हतं. गट एबी निगेटिव्ह, आणि इथे एकच पिशवी. तिचा भाऊ किशोर, केळीच्या गाड्या भरणारा, अर्ज घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी उभा. नेमकी त्याच वेळी वीज गेली, डिरेक्टरीच्या यंत्राची बॅटरी दगावली आणि ते यंत्र अकरा मिनिटं बंद राहिलं. पडदा कोरा झाला नाही. पडद्यावर ठळक आलं: धुळे, एबी निगेटिव्ह, दोन पिशव्या. खिडकीवरच्या माणसाने 'राखून ठेवा' दाबलं. तुझ्या घरातल्या त्या यंत्राने उत्तरही दिलं: राखून ठेवल्या.

किशोर मोटरसायकलवर बर्फाचा डबा बांधून धुळ्याला निघाला. एरंडोल, पारोळा, भर उन्हात. तो वाटेत असताना डिरेक्टरी पुन्हा सुरू झाली होती. डॉक्टरांनी आणखी रक्त मागितलं म्हणून खिडकीवरच्या माणसाने दात्यांमध्ये गटाने शोध घेतला, आणि मेहरूणमधले एक शिक्षक सापडले. ते रिक्षाने दहा मिनिटांत आले. बाई वाचली. इकडून किशोरला फोनवर फोन लावत होते. चालत्या गाडीवर त्याला ऐकू येत नव्हतं. धुळ्याच्या खिडकीवर त्याला सांगितलं की अशा पिशव्या इथे कित्येक महिन्यांत नाहीत. तो तसाच फिरला, फोन न बघता, बहीण मरत असेल म्हणून जीव खाऊन गाडी मारत. पारोळ्याच्या अलीकडे ट्रकखाली आला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आबांनी दुसऱ्या दिवशी दुपारी आपल्या दोघांना बोलावलं. समितीचे सगळे समोर. मी तोंड उघडायच्या आत तू उभा राहिलास, शर्ट नीट केलास आणि म्हणालास, "डिरेक्टरीचं काम शुभांगीकडे आहे. काल ती अकरा मिनिटं बंद होती. त्या वेळात चुकीचा साठा दिसला. आम्हाला दोघांनाही फार वाईट वाटतं."

प्रत्येक वाक्य खरं. एकही खोटं नाही. मी आजही कधी भाजी निवडताना ती चार वाक्यं तोंडात घोळवते आणि तुझ्या कौशल्याला दाद देते. आबांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटा, तू काही बोलतेस?" मी म्हणाले, "मला कोड बघायला लागेल." मी कार्यालयात धावत गेले, कोड उघडला. ती ओळ तिथे नव्हती.

मी जिन्यात तुला गाठलं. तुला आठवत असेल, तिसऱ्या पायरीवर तू चावी शोधत होतास.

"ती ओळ कधी काढलीस?"

"कधीच काढली. तुला सांगितलं होतं ना."

प्रमाण मराठीत बोललास. माझ्याशी तू प्रमाण मराठीत कधी बोलत नव्हतास. तिथेच मला कळलं. पण कळणं म्हणजे पुरावा नाही. कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, कधी केला. ती बघायचं मला अर्ध्या तासाने सुचलं, परत वर गेले तर माझा पासवर्ड चालेना. तेवढ्या वेळात तू तो बंद केला होतास. इतक्या झपाट्याने तू दुसरं कुठलंही काम केलं नाहीस.

मी कंपनी सोडली. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून धरलं. जळगावात कुणाच्या लग्नात गेले तर मागे कुजबूज यायची, ही ती, रक्तपेढीवाली. नानांनी मला एकदाच विचारलं, "खरं काय होतं गं?" मी म्हणाले, "नाना, सोडा." त्यांनी सोडलं. ते गेले तेव्हाही त्यांना ठाऊक नव्हतं. हे मात्र मी तुझ्याच नावावर टाकते. सगळंच्या सगळं.

गेल्या आठवड्यात वहिनींनी पुन्हा फोन केला. रक्तपेढ्यांचं काम अडलं होतं, तुझ्या यंत्रात काय कुठे आहे कुणाला कळत नव्हतं. मी सकाळच्या बसने धुळ्याला गेले. वहिनींनी तुझा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून दिला, चहा ठेवला आणि माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मी आधी त्यांचं काम केलं. मग बदलांची नोंद उघडली. फार शोधावं लागलं नाही. जुन्या यंत्राकडे जाणारी ती ओळ काढल्याची नोंद: तुझं नाव, अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, सकाळी आठ वाजून काही मिनिटं. समितीच्या बैठकीच्या आधी. आणि पुढे कारण लिहायच्या जागी तू लिहिलं होतंस: किरकोळ सफाई.

मी पडद्यावर बोट ठेवून वहिनींना सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. डोळ्यांत पाणी नव्हतं. शेवटी म्हणाल्या, "मला एवढंच माहीत होतं की तुमचं नाव निघालं की हे ताटावरून उठायचे." मग उठून प्रिंटर सुरू केला आणि म्हणाल्या, "किती प्रती काढू?" तुला ही बाई मिळाली, हेमंत. तुझी लायकी नव्हती.

मी तो कागद घेऊन आबांकडे गेले. ते आता थकलेत, काठीने चालतात. कागद लांब धरून वाचला.

"पोरी, माणूस गेला. आता कशाला?"

"तो गेलाय आबा. मी इथेच राहते."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग कारकुनाला हाक मारली आणि पुढच्या बैठकीत हा कागद ठेवायचा, जुन्या इतिवृत्ताला दुरुस्ती जोडायची, असं सांगितलं. मला वाटलं होतं, हे झालं की हलकं वाटेल. आबांच्या घराबाहेर उभी राहून मी हलकं वाटायची वाट पाहिली. काही झालं नाही.

म्हणून मग सावद्याला गेले. किशोरला सांगायला हवं होतं की त्याला त्या रस्त्यावर कोणी धाडलं. तो आता चुलतभावाच्या मोबाइलच्या दुकानात बसतो. कृत्रिम पाय पँटखाली दिसत नाही, उठताना तेवढा कळतो. मी नाव सांगितलं, कागद पुढे केला. त्याने वाचला नाही.

"मले माहीत हाये, ताई. हेमंतभाऊंनी सांगलं व्हतं. पहिल्याच वर्षी. इथीच बसून सांगलं, माह्या हातानं झालं म्हणे. लई रडले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणू? लई राग आला. माय तर घरात घेत नव्हती त्यायले. पण ते येतच राह्यले. पायाचं माप द्यायले मले तेच घेऊन गेले. दर दोन-तीन महिन्याले यायचे. जायच्या महिन्यातबी आले व्हते."

"माझ्याबद्दल काही बोलला होता?"

किशोरने खरंच आठवून पाहिलं. "नाही ताई. तुमचं नाव नाही निघालं कधी."

तर असं केलंस तू. ज्याचा पाय गेला त्याच्यापुढे रडलास, आणि जिचं नाव घालवलंस तिला सात वर्षं एक फोन केला नाहीस. माझा नंबर बदललेला नाही. सावद्याला जायला तुला जळगाववरूनच जावं लागत होतं. दर दोन-तीन महिन्यांनी तू माझ्या घरापासून दोन किलोमीटरवरून गेलास. अर्धं खरं बोलणारा माणूस मी पाहिला आहे. अर्ध्याच माणसांशी खरं बोलणारा तू एकटा. नाना जिवंत असताना एकदा येऊन गेला असतास तर काय झालं असतं? मी ओरडले असते. दार आपटलं असतं. मग उघडलंही असतं, मूर्खा. तुला ते ठाऊक होतं. मला वाटतं, तू त्यालाच घाबरलास.

हे सगळं मी दुकानात बसून मनातल्या मनात तुला सुनावत होते. किशोरने दोन चहा सांगितले. मग साधेपणाने विचारलं, "ताई, तुमी तेव्हा कुठी व्हत्या?"

"जळगावलाच."

"एवढी वर्षं जळगावलाच?"

"हो."

"मंग कधी आल्या नाही?"

आणि हेमंत, मी त्याला जे उत्तर दिलं ते माझ्या तोंडात तयारच होतं, इतकी वर्षं घासूनपुसून ठेवलेलं. मी म्हणाले, "माझी चूक नव्हती ना."

बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. किशोरने मान हलवली, समजल्यासारखी. चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

"चूक असल्यावरच यायचं, असं थोडीच हाये," तो म्हणाला.

मी चहा प्यायले. त्याच्या बहिणीची चौकशी केली. तिची मुलगी आता शाळेत जाते, पहिलीत. तिचं नाव मी विचारलं, त्याने सांगितलं, आणि मला लाज वाटली की ते मला त्या दिवशी कळतंय.

तुला मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. नानांसमोर तू जे बोलायला हवं होतंस ते आता कोणीच बोलू शकत नाही. पण पुढच्या रविवारी मी सावद्याला जाणार आहे. किशोरच्या आईने जेवायला बोलावलं आहे. तिथे तुझा विषय मी काढणार नाही.

शुभांगी